व्हेंचर कॅपिटल: नव्या गिरणीतले विणकाम खाते



गेल्या पावसाळ्यात एका रविवारी चेंबूरच्या आमच्या विहारात अभ्यासवर्ग होता. विषय होता बाबासाहेबांचे 'राज्ये आणि अल्पसंख्याक'. विषय बाजूला राहिला आणि भांडण भलत्याच गोष्टीवरून पेटले.

आमचा एक मित्र आहे. वय चौतीस. वडील महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त झालेले. हा स्वतः सी.ए., आणि नऊ वर्षे एका मोठ्या वित्तसंस्थेत कंपन्यांचे ताळेबंद तपासून त्यांची किंमत ठरवण्याचे काम करतो. वर्ग संपत आला तेव्हा त्याने सांगितले की तो नोकरी सोडतो आहे आणि दोन सहकाऱ्यांबरोबर व्हेंचर कॅपिटलची फर्म काढणार आहे. लोकांकडून पैसा गोळा करून नव्या उद्योगांमध्ये हिस्सा घेणारी फर्म.

क्षणभर कोणीच बोलले नाही. मग मागून एक मुलगी म्हणाली, "दादा, म्हणजे शार्क टँक?" सगळे हसले. दुसरा म्हणाला, "एवढे पैसे जमणार असतील तर आधी विहाराचे गळके पत्रे बदला." पण गिरणी कामगार चळवळीत आयुष्य घालवलेले आमचे एक काका हसले नाहीत. ते म्हणाले, "बाबासाहेबांनी मनमाडला काय सांगितलं होतं, विसरलास काय रे? भांडवलशाही आपली शत्रू. आणि तू तिच्या पेढीवर गल्ला सांभाळायला बसणार?"

मित्र गप्प बसला. आम्हीही त्या दिवशी त्याची बाजू घेतली नाही. खरे सांगायचे तर आमचे मत काकांच्याच बाजूचे होते. आम्ही समाजशास्त्र शिकलेली माणसे, वस्तीत काम करणारी. ताळेबंद आम्हाला वाचता येत नाही आणि 'गुंतवणूक' हा शब्द ऐकला की चिटफंडात बुडालेल्या बायका डोळ्यांसमोर येतात. पण नंतरचे काही महिने आम्ही हा विषय वाचला, मित्राला शेकडो प्रश्न विचारले, आणि आमचे मत बदलले. पूर्ण नाही, पण बदलले. का बदलले ते मांडण्यासाठी हा लेख.

आधी हा धंदा काय आहे ते सरळ समजून घेऊ. बँक कर्ज देते, तारण घेते आणि दर महिन्याला हप्ता मागते. व्हेंचर कॅपिटलवाला तारण मागत नाही, हप्ता मागत नाही. तो कंपनीत हिस्सा घेतो. कंपनी बुडाली तर त्याचा पैसा बुडाला, वाढली तर त्याच्या हिश्श्याची किंमत कित्येक पटींनी वाढली. बहुतेक कंपन्या बुडतात किंवा रखडतात. एखाददुसरी सगळ्यांची भरपाई करते. पैसा त्याचा स्वतःचा फारसा नसतो. श्रीमंत कुटुंबे, विमा कंपन्या, पेन्शन फंड, सरकारी संस्था यांच्याकडून तो साधारण दहा वर्षांसाठी घेतलेला असतो. सांभाळण्याबद्दल त्याला वर्षाला सुमारे दोन टक्के शुल्क मिळते आणि शेवटी नफा झालाच तर त्यातला साधारण पाचवा हिस्सा.

तर मग या माणसाचे खरे काम कोणते? एकच. पुढच्या दहा वर्षांत कोण मोठा होईल यावर बोट ठेवणे. ज्याच्याकडे तारण नाही, मागचा हिशेब नाही, त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवणे. आणि मित्रांनो, भारतात विश्वास कोणावर ठेवायचा हे कशावरून ठरते, हे तुम्हाला आम्ही वेगळे सांगायला नको.

या धंद्याची अमेरिकेतली जन्मकथा वाचताना एका बारीक तपशिलापाशी आम्ही थांबलो. १९५७ साल. कॅलिफोर्नियात विल्यम शॉकली नावाच्या नोबेल विजेत्या शास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतले आठ तरुण त्याच्या जाचाला कंटाळले होते. (हाच शॉकली पुढे कृष्णवर्णीय लोक जन्मतःच बुद्धीने कमी असतात असे सांगत फिरला. तिकडचे मनुवादीही असे नोबेल मिळवलेले असतात.) या आठांपैकी युजीन क्लायनर याने न्यूयॉर्कच्या हेडन स्टोन या शेअर दलाली आणि गुंतवणुकीच्या पेढीला पत्र लिहिले: आम्हा सगळ्यांना एकत्र कामावर घेईल अशी कंपनी शोधून द्याल का? ते पत्र फिरत फिरत आर्थर रॉक नावाच्या तिशीतल्या नोकरदाराच्या टेबलावर आले. रॉक आणि त्याचा वरिष्ठ विमानाने तिकडे गेले आणि म्हणाले, नोकरी कशाला शोधता, स्वतःची कंपनी काढा, पैसा आम्ही मिळवून देतो. तीसहून जास्त कंपन्यांनी नकार दिला. शेवटी शेरमन फेअरचाइल्ड या उद्योगपतीने सुमारे १४ लाख डॉलर दिले आणि फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर उभी राहिली. आठ जणांनी प्रत्येकी ५०० डॉलर घातले होते; दोनच वर्षांत प्रत्येकाच्या हाती अडीच-तीन लाख डॉलर आले. रॉकने पुढे पेढीची नोकरी सोडली, १९६१ साली टॉमी डेव्हिसबरोबर स्वतःची व्हेंचर कॅपिटल फर्म काढली आणि १९६८ साली इंटेलसाठी २५ लाख डॉलर उभे करून दिले. नोकरीतून फर्मकडे जाण्याचा जो रस्ता आज आमच्या मित्राला दिसतो आहे, तो या माणसाने पाडला.

आता तो तपशील. क्लायनरने पत्र हेडन स्टोनलाच का लिहिले? कारण तिथे त्याच्या वडिलांचे खाते होते.

एवढेच. सिलिकॉन व्हॅली नावाच्या चमत्काराच्या मुळाशी हुशारी होती, हिंमत होती, हे आम्ही नाकारत नाही. रॉक स्वतःही काही जहागीरदाराच्या घरचा नव्हता; मिठाई-चॉकलेटचे दुकान चालवणाऱ्या ज्यू बापाचा तो मुलगा, हार्वर्डला शिकून पुढे आलेला. पण पत्र पोहोचले ते वडिलांच्या खात्यामुळे. आपल्यापैकी कोणाच्या बापाचे शेअर दलालाकडे खाते होते? आमच्या मित्राच्या बापाचे खाते होते ते सफाई कामगारांच्या पतपेढीत, आणि तेही कर्जाचे. समाजशास्त्रात याला सामाजिक भांडवल म्हणतात. पियर बोर्द्यूवर आम्ही एम.ए.ला वीस मार्कांचे उत्तर लिहिले आहे. पण त्याचा अर्थ आम्हाला कळला तो या पत्रावरून.

आणि हे सगळे घडण्याच्या चाळीस वर्षे आधी मुंबईत काय घडले होते?

१९१७ साली बाबासाहेब कोलंबिया आणि लंडनहून परतले. बडोद्याला महाराजांच्या नोकरीत गेले, तिथे राहायला जागा मिळेना, पारशी खानावळीतून लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले, ही कथा आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. त्यानंतरचा भाग मात्र आपण फारसा सांगत नाही. मुंबईत परतल्यावर पोटासाठी त्यांनी शिकवण्या घेतल्या, आणि शेअर-गुंतवणुकीबद्दल व्यापाऱ्यांना सल्ला देणारी एक पेढी काढली. विचार करा. या देशात त्या काळी अर्थशास्त्र त्यांच्याएवढे शिकलेली माणसे बोटांवर मोजण्याइतकी असतील. सुरुवातीला लोक आलेही. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळले आणि येणे थांबले. पेढी बंद पडली. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पुढे लंडनला परत गेले, १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ आला.

आपण म्हणू, बरे झाले, नाहीतर चळवळीला बाबासाहेब मिळाले नसते. ते खरे असेल. पण त्या बंद पडलेल्या पेढीकडे आम्हाला आज वेगळ्या नजरेने पाहावेसे वाटते. सल्ला चुकीचा निघाला म्हणून ती बंद पडली नाही. पैशाच्या बाबतीत अस्पृश्याच्या बुद्धीवर विसंबायचे नाही, एवढ्यावर बंद पडली. अस्पृश्याने कर्ज घ्यावे, व्याज भरावे, त्याला हरकत नव्हती. पैसा कुठे लावायचा हे त्याने सांगू नये.

आता काकांकडे वळू. काका ज्या मनमाडची आठवण देतात ती फेब्रुवारी १९३८ मधली जी.आय.पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत असे बाबासाहेब तिथे म्हणाले. दोन. डाव्या पुढाऱ्यांना एकच दिसत होता, म्हणून तर बाबासाहेबांना दोन असे मोजून सांगावे लागले. काकांना आम्ही विचारले, मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसांना विणकाम खात्यात का घेत नव्हते? ते ताडकन म्हणाले, "धोट्याला तोंड लावावं लागे ना! धागा तोंडानं ओढायचा. म्हाराच्या तोंडाला लागलेला धोटा मराठा कसा तोंडाला लावील?" आणि पगार कुठल्या खात्यात जास्त होता? "विणकामातच."

१९२८-२९ च्या संपांच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न लाल बावट्याच्या पुढाऱ्यांना घातला होता. गिरणी भांडवलदाराची, पिळवणूक सगळ्यांचीच, मान्य. पण त्या गिरणीच्या आतही एक दरवाजा आपल्यासाठी बंद होता, आणि तो बंद ठेवणाऱ्यांत कामगारही होते. म्हणून बाबासाहेब असे म्हणाले नाहीत की गिरणी वाईट, सबब आपण विणकाम खात्यात जायचेच नाही. त्यांनी दरवाजा उघडायची मागणी केली.

आजच्या गिरणीत विणकाम खाते कुठे आहे? आमच्या मित्राने नऊ वर्षांत जे पाहिले ते ऐका. ज्या वित्तसंस्थेत तो आहे तिथे शिपायापासून विश्लेषकापर्यंत सगळीकडे आपली माणसे थोडीफार सापडतात. पण पैसा द्यायचा की नाही हे ठरवणाऱ्या समितीच्या खोलीत तो नऊ वर्षांत फक्त टिपण वाचायला गेला, मत द्यायला कधीच नाही. त्याचे टिपण उत्तम असते असे सगळे म्हणतात. त्या खोलीतली चर्चा आकड्यांनी सुरू होते आणि थोड्या वेळाने "मुलगा कोणाचा आहे?", "अरे, तो अमक्यांचा भाचा", "घरात धंदा आहे, रक्तात आहे त्यांच्या" यावर येते. जातीचे नाव कोणी घेत नाही. घ्यावे लागतच नाही. एकदा सोलापूरकडच्या एका मुलाचा प्रस्ताव आला होता, कातडी कमावताना निघणाऱ्या सांडपाण्यावर प्रक्रिया करण्याचा. आकडे चांगले होते. समितीतला एक जण म्हणाला, माणूस हुशार आहे, पण मोठ्या लोकांसमोर उभा राहील असा वाटत नाही. तेवढ्यावर प्रस्ताव बाजूला पडला. मित्र म्हणतो, "मला त्या मुलाचं आडनाव कळलं होतं. त्यांनाही कळलं असणार. पण सिद्ध काय करणार?"

सिद्ध करायला कागद लागतो, आणि थोडाबहुत कागद आहे. 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये २०१२ साली एक अभ्यास आला. भारतातल्या वरच्या १,००० कंपन्यांच्या संचालक मंडळांची २०१० ची माहिती त्यांनी तपासली. सुमारे ९३ टक्के संचालक उच्च जातींचे निघाले. अनुसूचित जाती आणि जमाती मिळून साडेतीन टक्के. त्याआधी २००७ साली सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले होते, आणि दलित आडनावाच्या अर्जांना बोलावणी कमी आली होती. नोकरीच्या अर्जात हे होते, जिथे निदान पदवी आणि अनुभव कागदावर असतो. जिथे कागदावर काहीच नसते आणि सगळा निर्णय 'माणूस कसा वाटतो' यावर असतो, तिथे काय होत असेल?

म्हणून आमचे मत असे झाले की मित्राने त्या खोलीबाहेर आणखी नऊ वर्षे टिपणे लिहिण्यापेक्षा स्वतःची खोली बांधावी. पण बांधायला काय लागते ते पाहिले आणि आमचे डोळे पांढरे झाले.

सेबीचे २०१२ चे पर्यायी गुंतवणूक निधीचे नियम आहेत. व्हेंचर कॅपिटल निधी त्यांतल्या पहिल्या श्रेणीत मोडतो. निधी किमान २० कोटींचा हवा. प्रत्येक गुंतवणूकदाराने किमान १ कोटी घालायला हवेत. निधी चालवणाऱ्याने स्वतःचा पैसा शेवटपर्यंत त्यात ठेवायला हवा: निधीच्या अडीच टक्के किंवा ५ कोटी, यांपैकी जे कमी असेल ते. अर्जाचे १ लाख, नोंदणीचे ५ लाख वेगळे. शिवाय निर्णय घेणाऱ्यांत ठरलेली परीक्षा उत्तीर्ण झालेला माणूस हवा. शेवटची अट आपल्या पोरांना अजिबात जड नाही. परीक्षा तर आपण पिढ्यान्‌पिढ्या देतोच आहोत.

पण हिशेब करा. २० कोटींच्या अडीच टक्के म्हणजे ५० लाख. तिघांत वाटले तरी प्रत्येकी सोळा-सतरा लाख, तेही दहा वर्षे अडकून पडणार. वर्षाचे दोन टक्के शुल्क म्हणजे ४० लाख. त्यात ऑफिस, हिशेबनीस, वकील, लेखापरीक्षण, प्रवास आणि तिघांचे पगार. मित्राचा आजचा पगार त्यातून निघत नाही. घरात आई-वडील, बायको, मुलगी आणि घराचा हप्ता. ज्याच्या घरी दुसरे घर आहे, सासऱ्याचा धंदा आहे, तो दोन वर्षे बिनपगारी काढू शकतो. आपल्याकडे पहिल्या पिढीतल्या एका पगारावर चार घरे उभी असतात. 'रिस्क घ्या, रिस्क घ्या' असे तरुणांना सांगत फिरणाऱ्या वक्त्यांनी हा हिशेब एकदा फळ्यावर मांडावा.

आणि तो १ कोटीचा नियम! त्यामागचा हेतू आम्हाला समजतो: सामान्य माणसाने बुडण्याची शक्यता असलेल्या ठिकाणी आयुष्याची पुंजी लावू नये. चिटफंड पाहिलेल्या आम्हाला तो पटतोही. पण परिणाम काय? आमच्या वस्तीतल्या शंभर शिक्षक, नर्स, रेल्वे कर्मचाऱ्यांना एक-एक लाख घालून आपल्या मुलाच्या निधीत उतरायचे असेल, तर उतरता येत नाही. १ कोटी बाजूला ठेवून दहा वर्षे विसरू शकतील अशी किती माणसे तुमच्या ओळखीची आहेत? मोजा. आम्ही मोजली. एकही नाही. मित्राने मोजली, दोन निघाली, त्यांतले एक निवृत्त सनदी अधिकारी, आणि त्यांनी मुलीच्या लग्नाचे कारण सांगितले.

म्हणजे आपल्या माणसाने फर्म काढली तरी पैसा येणार त्याच ९३ टक्क्यांच्या घरातून. काकांचा खरा मुद्दा इथे आहे आणि तो हलका नाही. मालक तेच राहणार, आपला पोरगा फक्त मुनीम. यावर काय करायचे?

इथे आम्हाला सरकारी पैशाकडे बोट दाखवायचे आहे. २०१६ साली केंद्र सरकारने सिडबीमार्फत १०,००० कोटींचा 'फंड ऑफ फंड्स' सुरू केला. तो थेट उद्योगांना पैसे देत नाही. सेबीकडे नोंदलेल्या खासगी निधींना देतो, आणि त्यांनी घेतलेल्या रकमेच्या किमान दुप्पट पैसा स्टार्टअप्समध्ये लावावा अशी अट घालतो. २०२५ च्या अर्थसंकल्पात आणखी १०,००० कोटींची घोषणा झाली. म्हणजे आपल्या करातला पैसा खासगी फर्मच्या हाती जातो आणि कोणाला द्यायचा हे त्या ठरवतात. 'खासगी क्षेत्र आहे, तिथे सामाजिक न्यायाचे काय काम' असे म्हणणाऱ्यांना हे आधी विचारा.

अमेरिकेतही हे आकाशातून पडले नाही. १९५८ च्या लघुउद्योग गुंतवणूक कायद्याने तिथल्या सरकारने अशा खासगी निधींमागे सरकारी पैसा उभा केला. १९६९ साली नागरी हक्कांच्या लढ्यानंतर त्याच चौकटीत अल्पसंख्याकांच्या उद्योगांसाठी वेगळ्या गुंतवणूक कंपन्यांची सोय झाली. १९७७ साली वॉशिंग्टनमध्ये सिंडिकेटेड कम्युनिकेशन्स ही संस्था निघाली, कृष्णवर्णीयांच्या हाती रेडिओ आणि दूरचित्रवाणी यावी म्हणून पैसा लावणारी. १९८० साली कॅथी ह्यूज या कृष्णवर्णीय बाईंना एक रेडिओ केंद्र विकत घ्यायचे होते. त्या सांगतात की ३२ बँकांनी त्यांना नकार दिला. कर्ज मंजूर केले ते अखेर एका पोर्तोरिकन बाईने, आणि भांडवल घालणाऱ्यांत ही संस्था होती. पुढे घर गेले, मुलाला घेऊन त्या केंद्रातच राहिल्या, पण केंद्र सोडले नाही. १९९९ साली त्यांची रेडिओ वन ही कंपनी शेअर बाजारात आली. त्या बत्तीस टेबलांमागे बसलेल्यांना आकडेमोड येत नव्हती असे नाही. त्या टेबलांमागे तशी बाई बसलेली नव्हती.

आपल्याकडे काय आहे? आहे, बरेच आहे. चळवळीतली माणसे 'सरकारने काहीच केले नाही' असे म्हणतात ते बरोबर नाही. जानेवारी २०१५ मध्ये अनुसूचित जातींसाठी व्हेंचर कॅपिटल निधी सुरू झाला, सामाजिक न्याय मंत्रालयाच्या २०० कोटींच्या तरतुदीने. एप्रिल २०१६ मध्ये स्टँड अप इंडिया आले: प्रत्येक बँक शाखेने किमान एका अनुसूचित जाती-जमातीच्या आणि एका महिला उद्योजकाला १० लाख ते १ कोटी कर्ज द्यायचे होते. सप्टेंबर २०२० मध्ये बाबासाहेबांच्या नावाने नवउद्योगांची योजना आली. १,००० तरुणांना तीन वर्षांत प्रत्येकी ३० लाखांपर्यंत भागभांडवल. यांची माहिती तुमच्या वस्तीत किती जणांना आहे, तो वेगळा लेख होईल.

पण या तिन्ही योजनांत आपण कुठे आहोत? अर्जदाराच्या रांगेत. पैसा अनुसूचित जातींसाठी, पण तो चालवते आय.एफ.सी.आय. व्हेंचर ही वित्तसंस्था. त्या निधीच्या नियमांत हिश्श्याबरोबर व्याज लागणारे रोखेही आहेत, म्हणजे पुन्हा हप्ताच. शाखा बँकेची, शिफारस इनक्युबेटरची. लाभार्थी आपण, ठरवणारा दुसरा. विणकाम खात्यात तयार झालेले कापड आपल्याला सवलतीत मिळेल, धोटा हाती मिळणार नाही.

म्हणून मागणी अशी हवी. सिडबीच्या फंड ऑफ फंड्सचा ठरावीक हिस्सा अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त आणि ओबीसी चालकांच्या पहिल्या निधींसाठी राखून ठेवा. चालकाने घालायचे जे अडीच टक्के आहेत, त्यासाठी महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाने दीर्घ मुदतीचे कर्ज द्यावे. म्हशीसाठी आणि टेम्पोसाठी देता, तसे यासाठीही द्या. आणि ज्या निधीने जनतेचा एक रुपयाही घेतला, त्याने कोणत्या सामाजिक गटाच्या उद्योजकांना किती दिले हे दरवर्षी जाहीर करावे. तिसरी मागणी आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. पहिल्या दोन नाकारल्या तरी चालेल, तिसरी मिळाली तर पहिल्या दोन आपोआप येतील.

हे सोपे जाणार नाही. अमेरिकेत अटलांटाच्या फिअरलेस फंडचे काय झाले पाहा. कृष्णवर्णीय स्त्रियांनी २०१९ साली काढलेला हा निधी कृष्णवर्णीय स्त्री उद्योजकांना २०,००० डॉलरचे अनुदान स्पर्धेतून देत असे. २०२३ साली त्यांच्यावर खटला झाला. कोणत्या कायद्याखाली? गुलामीतून सुटलेल्या लोकांना करार करण्याचा हक्क मिळावा म्हणून केलेल्या १८६६ च्या नागरी हक्क कायद्याखाली! २०२४ च्या जूनमध्ये अपील न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला आणि सप्टेंबरमध्ये तडजोड करून ते अनुदान बंद करावे लागले. आपल्या संविधानात पंधराव्या आणि सोळाव्या कलमांमुळे आपल्याला जास्त आधार आहे. पण 'समान संधी' हा शब्द आपल्याच विरुद्ध फिरवणारे वकील इथेही कमी नाहीत.

आता आमच्याच उत्साहाला थोडा आवर घालतो. व्हेंचर कॅपिटलने समाजाची गरिबी हटणार नाही. हा पैसा फक्त झपाट्याने मोठ्या होऊ शकणाऱ्या उद्योगांना लागतो. आपल्या बहुतेक उद्योजकांना, फॅब्रिकेशनवाल्याला, केटरिंगवाल्या ताईंना, पालिकेच्या छोट्या कंत्राटदाराला, हिस्सा विकायचाच नाही. त्यांचे बिल नव्वद दिवस अडकते, तेवढे दिवस निघतील एवढे खेळते भांडवल त्यांना हवे. त्यांना 'स्टार्टअप' म्हणून स्टेजवर बसवणे ही फसवणूक आहे. आणि दहा उद्योगांतले सहा-सात बुडणार हे माहीत असताना आपल्या पोरांना त्यात ढकलायचे तर बुडालेल्याला सांभाळायची सोयही हवी. श्रीमंताचा पोरगा बुडला तर तो 'अनुभव' असतो. आपला बुडला तर आळीत वर्षभर चर्चा होते.

बाबासाहेब तर विमा, महत्त्वाचे उद्योग आणि शेती राज्याच्या मालकीची असावी म्हणत होते. काकांचा हा आक्षेप आम्ही खोडून काढत नाही. तो कार्यक्रम आजही आमचाच आहे. पण तो येईपर्यंत पैसा वाटणाऱ्या खोल्या रिकाम्या राहत नाहीत, त्यांत कोणीतरी बसलेले असते. धम्मानेही आपल्याला संपत्तीचा तिरस्कार शिकवलेला नाही. सिगालोवाद सुत्तात तथागत गृहस्थाला मिळकतीचे चार भाग करायला सांगतात: एक उपभोगाला, दोन उद्योगात, एक अडचणीच्या वेळेसाठी राखून. अर्धा भाग उद्योगात! काकांना हे दाखवले तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचले आणि म्हणाले, "पण मिळकत सम्यक आजीविकेची हवी, हे पण वाच." वाचले.

त्यावरूनच आम्ही मित्रापुढे काही अटी ठेवल्या. दारू, जुगाराची ॲप, लोकांना दररोजच्या व्याजाने नाडणारी कर्ज-ॲप यांत पैसा लावायचा नाही. ज्या कंपनीत पैसा लावाल तिथे सफाई कामगार कंत्राटी असेल तर त्याचा पगार आणि भविष्यनिर्वाह निधी तपासायचा. नकार दिलेल्या प्रत्येक उद्योजकाला कारण लेखी द्यायचे. त्या सोलापूरच्या मुलाला कारण कधीच कळले नाही.

मित्राने सगळ्या मान्य केल्या, तिसऱ्या अटीला जरा कुरकुरत. तो म्हणाला, वेळ फार जाईल. आम्ही म्हणालो, जाऊ दे.

त्याचा राजीनामा गेला आहे. सध्या नोटिशीचे तीन महिने चालू आहेत. सतरा लाखांपैकी अकरा जमले, त्यांतले चार वडिलांनी ग्रॅच्युइटीतून दिले. गेल्या रविवारी काकांनी त्याला जवळ बसवून विचारले, "तुझी ती समिती म्हणतोस, तिच्यात बाहेरचा माणूस चालतो का?"

"सल्लागार म्हणून चालतो, काका. मत देता येणार नाही."

"मत नको. मी बसेन आणि ज्याला पैसे देताय त्याला एकच विचारीन, कारखान्यात पाण्याचा माठ कुठं ठेवलाय आणि तो कोण भरतो."

पुढच्या रविवारी मित्र अभ्यासवर्गात ताळेबंद कसा वाचायचा ते शिकवणार आहे. वेळ सकाळी दहा. वही आणि साधा कॅल्क्युलेटर आणावा. पत्रे अजून गळतात, म्हणून मागच्या बाजूला बसू नये.